वाट देणारा चालक, वाट अडवणारा चालक : मीरा रोडच्या रस्त्यांवरील वर्तनाचे वर्गीकरण

रस्त्यावर माणूस दगावला की त्याच्या मृत्यूची नोंद होते. मृत्यूच्या आधीच्या दोन-तीन सेकंदांत चालक नेमके काय करत होता याची नोंद मात्र फार मोघम होते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले, त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि या मृतांत पादचाऱ्यांचे प्रमाण सुमारे साडेएकोणीस टक्के, म्हणजे बत्तीस हजारांहून अधिक होते. महाराष्ट्राच्या वाट्याला त्या वर्षी १५,२२४ मृत्यू आले. याच अहवालातील कारणांच्या तक्त्यात सुमारे ७१ टक्के मृत्यू ‘अतिवेग’ या एकाच रकान्यात जाऊन बसले आहेत, आणि उरलेले मद्यपान, उलट दिशेने वाहन चालवणे, सिग्नल तोडणे, मोबाइलचा वापर आणि ‘इतर’ यांच्यात वाटले गेले आहेत. पोलिसांच्या पंचनाम्यातून वर जाणारी ही माहिती कोणता नियम मोडला गेला एवढे सांगते. पादचारी समोर आल्यावर चालकाने वेग कमी केला, हॉर्न दिला, बाजूने गाडी काढली की त्याला माणूस दिसलाच नाही, हे त्या तक्त्यात कोठेच सापडत नाही.

हा भेद केवळ अभ्यासकांच्या सोयीचा नाही. ज्याला पादचारी दिसला नाही आणि ज्याने तो दिसूनही गाडी पुढे दामटली, अशा दोघांनाही ‘निष्काळजी चालक’ हे एकच नाव दिले, तर दोघांवर एकच उपाय योजला जातो, आणि तो निदान एकाच्या बाबतीत तरी वाया जातो. पादचाऱ्यांच्या संदर्भात चालकांच्या वर्तनाचे वर्गीकरण ही रस्तासुरक्षेच्या अभ्यासातील स्वतंत्र शाखा गेल्या काही दशकांत उभी राहिली ती याच कारणाने. तिचे निष्कर्ष दाट वस्तीच्या उपनगराला लावून पाहायचे तर मीरा रोडइतके योग्य उदाहरण शोधून सापडणे कठीण.

शहर वाढले, रस्ता तेवढाच राहिला

मिठागरे, भातशेती आणि खाडीकाठची गावे यांच्या जागी १९८० नंतर इमारतींची जी दाटी झाली, तिच्यातून आजचे मीरा रोड घडले. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले, आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,०९,३७८ भरली. मुंबईत नोकरीला जाणाऱ्यांचे हे शहर असल्यामुळे त्याचा दिवस पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकाने बांधलेला आहे. सकाळी हजारो माणसे शांतीनगर, नया नगर, पूनम सागर या वसाहतींतून स्थानकाकडे निघतात आणि संध्याकाळी लोकलमागून लोकल तीच गर्दी पूर्वेच्या रस्त्यांवर आणून सोडते. ही माणसे मोटारीतून उतरली काय, रिक्षातून उतरली काय किंवा बसमधून उतरली काय, प्रवासाच्या पहिल्या आणि शेवटच्या टप्प्यात ती पादचारीच असतात.

शहराचा कणा असलेला काशिमीरा ते भाईंदर हा मुख्य रस्ता दहिसरकडून येणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाला जोडलेला आहे. त्यामुळे महामार्गावरच्या वेगाची सवय झालेला चालक थेट वस्तीत शिरतो, आणि सिल्व्हर पार्क, एस. के. स्टोन, गोल्डन नेस्ट या नाक्यांवर त्याच रस्त्यावर शेअर रिक्षा, परिवहनच्या बसगाड्या, पाण्याचे टँकर, बांधकामाच्या साइटवर जाणारे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर, घरपोच खाणे पोहोचवणाऱ्या दुचाकी आणि हातात भाजीची पिशवी घेतलेला पादचारी यांची एकच गर्दी होते. दहिसर ते भाईंदर या मेट्रो-९ मार्गिकेचे खांब याच रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आहेत आणि काही भागात मेट्रोच्या खाली उड्डाणपूलही आला आहे. अशा रचनेने वाहनांची कोंडी सुटायला मदत होत असली, तरी वर्तनाच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी दोन गोष्टी दिसतात. दुभाजकातल्या खांबाआडून बाहेर पडणारा पादचारी चालकाला अगदी शेवटच्या क्षणी दिसतो, आणि पुलाच्या उतारावरून येणाऱ्या वाहनाचा वेग जमिनीवरच्या नाक्याला पोहोचेपर्यंत उतरलेला नसतो.

फुटपाथावर दुकानांचा माल, उभ्या दुचाकी आणि फेरीवाले असले की पादचारी रस्त्यावर उतरतो, आणि रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसाला चालक ‘मध्येच आलेला’ समजू लागतो. वर्तन हे केवळ स्वभावातून येत नाही, ते जागेतूनही येते, हे सूत्र पुढच्या सगळ्या विवेचनात ध्यानात ठेवावे लागते.

चूक, विसर आणि नियमभंग

चालकांच्या वर्तनाचे आज सर्वाधिक वापरले जाणारे वर्गीकरण ब्रिटनमधील मँचेस्टर विद्यापीठातून आले. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली ५२० चालकांना ५० प्रश्नांची प्रश्नावली दिली, त्यांच्या उत्तरांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण केले आणि रस्त्यावरच्या अयोग्य वर्तनाचे मुळातच वेगळे असलेले प्रकार दाखवून दिले. पहिला प्रकार चुकीचा, म्हणजे चालकाचा हेतू सरळ असतो पण अंदाज चुकतो. समोरचा माणूस थांबेल असे वाटते आणि तो थांबत नाही, किंवा डावीकडे वळताना लक्ष उजवीकडून येणाऱ्या वाहनांवर राहते आणि रस्ता ओलांडणारी व्यक्ती नजरेतून सुटते. दुसरा प्रकार विसराचा, म्हणजे मन भलतीकडे असल्यामुळे होणाऱ्या किरकोळ गफलतींचा. तिसरा प्रकार नियमभंगाचा, ज्यात काय करायला हवे हे चालकाला ठाऊक असते आणि तरीही तो दुसरेच करतो. पुढील संशोधकांनी या तिसऱ्या प्रकाराचेही दोन भाग पाडले. एक वेळ वाचवण्यासाठी केलेला साधा नियमभंग, आणि दुसरा समोरच्याला दटावण्यासाठी किंवा राग काढण्यासाठी केलेला आक्रमक नियमभंग.

पुढे १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याच गटाला असे आढळले की अपघाताशी ठळक संबंध जाणूनबुजून केलेल्या नियमभंगाचा आहे. या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ मोठा आहे, कारण प्रशिक्षणाने आणि सरावाने कमी होतात त्या चुका. नियमभंग ज्ञानाच्या अभावातून होतच नसल्यामुळे नियमांचे फलक वाढवून किंवा परवान्याची परीक्षा कठीण करून तो फारसा हटत नाही. त्याची मुळे समजुतीत असतात, म्हणजे ‘सगळेच असे करतात’, ‘इथे कोण पकडतो’ आणि ‘एक ट्रिप वाया जाईल’ या हिशेबात असतात.

मात्र चूक आणि नियमभंग यांच्यातली रेषा दरवेळी सहज दिसेल असे नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला विजेवर चालणारी बेस्टची बस गर्दीत घुसली आणि अनेक पादचारी मृत्युमुखी पडले, तेव्हा चालकाला अशी बस चालवण्याचा पुरेसा सराव मिळाला होता का, हा प्रश्न चर्चेच्या आणि चौकशीच्या केंद्रस्थानी आला. क्लच-गिअरच्या जुन्या बसवर हात बसलेल्या माणसाला स्वयंचलित बस देताना प्रशिक्षणाचा कालावधी कोणी ठरवला, हे विचारल्याशिवाय अशा घटनेचे वर्गीकरण पुरे होत नाही. रीझन यांच्या मांडणीचा पुढचा टप्पाही हाच आहे, कारण चुकणाऱ्या हातामागे चुकीला जागा करून देणारी व्यवस्था असते, हा विचार त्यांनीच पुढे विस्ताराने मांडला.

कायद्याच्या चौकटीतील वर्ग

कायदाही चालकांचे वर्गीकरण करतोच. तो ते मनातल्या जाणिवेवरून करतो. पादचाऱ्यांच्या संदर्भात याचे महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचे उदाहरण वांद्र्याच्या कार्टर रोडवरचे आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे फुटपाथावर झोपलेल्या मजुरांच्या अंगावर मोटार जाऊन सात जण ठार झाले. सत्र न्यायालयाने हा निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू मानून सहा महिन्यांची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने मद्यपान करून बेफाम गाडी चालवणाऱ्याला परिणामाची जाणीव असते असे धरून सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली तीन वर्षांची शिक्षा सुनावली. आणि ‘अलिस्टर अँथनी परेरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०१२ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. एकाच घटनेचा वर्ग बदलला आणि शिक्षेचे स्वरूप बदलले, हे या खटल्याचे सार आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याची कमाल शिक्षा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर गेली आहे.

मृत्यू घडल्यावर इतका बारीक विचार करणारा कायदा रोजच्या वर्तनाबाबत मात्र सैल पडतो. २०१७ च्या मोटार वाहन चालन विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रा पट्ट्यांजवळ येताना चालकाने वेग कमी करणे, थांबणे आणि पादचाऱ्याला वाट देणे बंधनकारक आहे. पुढे जाता येणार नसेल तर पट्ट्यांवर गाडी उभी करण्यासही मनाई आहे. परंतु हे विनियम मोडल्याबद्दलचा दंड ५०० ते १,००० रुपये एवढाच आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक चालनाची जी यादी दिली आहे, तिच्यात लाल सिग्नल तोडणे, थांबा-चिन्ह न पाळणे, हातात मोबाइल धरणे, बेकायदा ओव्हरटेक करणे आणि उलट दिशेने जाणे यांची नावे घेतलेली आहेत. पादचाऱ्याला वाट न देण्याचे नाव त्या यादीत नाही. सक्षम आणि सावध चालकाकडून अपेक्षित पातळीच्या फार खाली जाणारे चालन, या सर्वसमावेशक खंडात ते बसवता येते, पण तसे बसवण्यासाठी नाक्यावरच्या वाहतूक पोलिसाला ते वर्तन ओळखता आणि नोंदवता यावे लागते. वर्गीकरणाची गरज इथे थेट अंमलबजावणीपर्यंत येऊन पोहोचते.

नाक्यावर उभे राहून पाहिले तर

प्रश्नावलीत चालक स्वतःबद्दल जे सांगतो त्यापेक्षा तो रस्त्यावर काय करतो हे पाहणे अधिक विश्वासार्ह, या भूमिकेतून दुसरी अभ्यासपद्धती विकसित झाली. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या क्रिस्टर हिडेन यांनी १९८७ साली सविस्तर मांडलेल्या या पद्धतीचा पाया असा की अपघात हे रस्त्यावरच्या असंख्य गाठीभेटींच्या पिरॅमिडचे फक्त टोक असते. त्याखाली थोडक्यात टळलेल्या अपघातांचा थर असतो, त्याखाली किरकोळ अडचणीच्या प्रसंगांचा, आणि तळाशी सुरळीत पार पडलेल्या भेटींचा. टळलेले अपघात मोजले तर माणसे मरण्याची वाट न पाहता धोक्याची जागा ओळखता येते.

या मोजणीची दोन मापे सर्वमान्य आहेत. पहिले ‘टाइम टू कोलिजन’, म्हणजे वाहन आणि पादचारी आहे त्याच वेगाने आणि दिशेने पुढे गेले तर टक्कर व्हायला उरलेला वेळ. दुसरे ‘पोस्ट एन्क्रोचमेंट टाइम’, म्हणजे पादचाऱ्याने जी जागा सोडली त्याच जागी वाहन येऊन पोहोचेपर्यंत गेलेला वेळ. पुष्कळ अभ्यासांत दीड सेकंदाच्या आतली भेट गंभीर समजली जाते. मोबाइलवर घेतलेल्या चित्रफितीवरूनही हे दुसरे माप काढता येते, त्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही हा अभ्यास जमण्याजोगा आहे.

भारतीय रस्त्यांवर या मापांना एक स्थानिक गुंतागुंत येऊन मिळते. तीन मार्गिकांचा, म्हणजे साधारण साडेदहा मीटर रुंदीचा एका दिशेचा रस्ता सेकंदाला १.२ मीटर या मानक गतीने ओलांडायला जवळपास नऊ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात ताशी ४० किलोमीटरने येणारी गाडी सुमारे शंभर मीटर अंतर कापते. वाहनांच्या रांगेत शंभर मीटरची मोकळी जागा संध्याकाळी सहानंतर मीरा रोडच्या मुख्य रस्त्यावर मिळणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे पादचारी एकेक मार्गिका जिंकत पुढे सरकतो; हात दाखवतो, एका गाडीला मागे टाकतो, रेषेवर थबकतो आणि पुढच्या गाडीचा अंदाज घेतो. आयआयटी मुंबईतील पी. वेदगिरी आणि बी. रघुराम कडाली यांनी मिश्र वाहतुकीतील पादचाऱ्यांच्या अभ्यासात या सरकत्या पद्धतीने ओलांडण्याचा विचार केला आहे. अशा वेळी चालकाचे वर्तन म्हणजे चालक आणि पादचारी यांच्यातल्या वाटाघाटीतला एक डाव असतो, आणि त्याचे वर्गीकरण दुसऱ्या बाजूकडे न पाहता करता येत नाही.

हे सारे ध्यानात घेऊन मीरा रोडसारख्या ठिकाणच्या चालकांचे पाच वर्ग करता येतात. पहिला थांबणारा, जो पट्ट्यांआधी चाके पूर्ण थांबवतो. दुसरा सावरून घेणारा, जो थांबत नाही, पण ॲक्सिलरेटरवरून पाय काढतो आणि पादचाऱ्याला पुढे जाण्याइतका अवधी देतो. भारतीय रस्त्यांवरचे बरेचसे सौजन्य याच वर्गातले असते. तिसरा वळसा घालणारा, जो वेग तसाच ठेवून पादचाऱ्याच्या पुढून किंवा मागून गाडी काढतो. दुचाकीस्वार आणि रिक्षाचालक यांत जास्त दिसतात, आणि त्यांच्या ‘कट मारण्या’तच टळलेल्या अपघातांची बीजे असतात. चौथा दटावणारा, जो लांबूनच हॉर्न किंवा डिपर देतो आणि प्रसंगी वेग वाढवून पादचाऱ्याला मागे सरायला लावतो. पाचवा न पाहणारा, ज्याचे लक्ष मोबाइलवर, भाडे शोधण्यात किंवा दुसऱ्या बाजूच्या वाहनावर असते.

स्थानकाबाहेरच्या कोणत्याही कोपऱ्यावर वळणारी शेअर रिक्षा घेतली तर हे वर्ग एकमेकांत कसे मिसळतात ते दिसते. रिक्षात तीन सीट भरलेल्या आहेत, चालकाची नजर उजवीकडून येणाऱ्या बसवर आहे, हँडल डावीकडे वळते आहे आणि कोपऱ्यावरच्या फुटपाथावरून एक आजी नातवाचा हात धरून खाली उतरते आहे. रिक्षाचा वेग फार तर पंधरा-वीसचा असतो, तरी पुढचे चाक तिच्या पावलापासून हातभर अंतरावरून जाते. चालकाने तिला पाहिले नसेल तर ही चूक. पाहूनही तिला वाट न देता गाडी पुढे दामटली असेल तर नियमभंग. आणि कोपऱ्यावरच उभ्या केलेल्या टेम्पोमुळे ती दिसणेच शक्य नसेल तर दोष चालकाइतकाच त्या कोपऱ्याचा. बाहेरून तिन्ही प्रसंग सारखेच दिसतात. म्हणून केवळ एका भेटीवरून चालकाला वर्ग न लावता, त्याच कोपऱ्यावरच्या शेकडो भेटी मोजून कोपऱ्याचा स्वभाव ठरवणे अधिक शास्त्रशुद्ध ठरते. एखाद्या वळणावर न पाहणाऱ्यांचे प्रमाण सतत जास्त असेल तर तेथे दृष्टीला अडथळा आहे. दटावणाऱ्यांचे जास्त असेल तर तेथे वेग आणि बेफिकिरी आहे.

यंत्राची नजर

कॅमेरा आणि संगणकाच्या मदतीने ही मोजणी आता मोठ्या प्रमाणावर करता येते. २०२१ साली जाहीर झालेला नागपूरचा ‘आय-रास्ते’ प्रकल्प हे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण आहे. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्रा आणि नागपूर महापालिका यांच्या सहभागाने शहर बससेवेच्या गाड्यांत टक्करीचा इशारा देणारी यंत्रे बसवण्यात आली. पुढे पादचारी किंवा वाहन धोकादायक अंतरावर आले की यंत्र चालकाला सावध करते आणि त्या इशाऱ्याचे ठिकाण नोंदवते. असे इशारे वारंवार जिथे मिळतात त्या जागांना ‘ग्रे स्पॉट’ म्हटले गेले. राष्ट्रीय महामार्गावर ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू, व्हावे लागतात. ग्रे स्पॉटची कल्पना ही किंमत मोजण्याआधीच जागा शोधते.

यंत्राला भारतीय रस्ता ओळखायला शिकवणे हे वेगळेच काम आहे. कॅनडातील यॉर्क विद्यापीठाने २०१७ मध्ये तयार केलेल्या चित्रफितींच्या संग्रहात पादचारी आणि चालक एकमेकांकडे कसे पाहतात याच्या नोंदी आहेत, पण त्यातले रस्ते शिस्तबद्ध मार्गिकांचे आहेत. हैदराबादच्या आयआयआयटीने हैदराबाद आणि बेंगळुरूच्या रस्त्यांवर चित्रित केलेल्या सुमारे दहा हजार प्रतिमांचा संग्रह त्यामुळेच मोलाचा ठरला; त्यात रिक्षा, गुरे, कच्च्या कडा अशा ३४ प्रकारच्या गोष्टींवर खुणा केलेल्या आहेत.

तरीही यंत्राच्या अचूकतेचा आकडा सांभाळून वाचावा लागतो. समजा, एका नाक्यावर हजार भेटी झाल्या, त्यांपैकी वीस खरोखर धोकादायक होत्या, आणि यंत्र दोन्ही प्रकार शंभरात नव्वद वेळा बरोबर ओळखते. असे यंत्र वीसपैकी अठरा धोकादायक भेटी पकडील, पण उरलेल्या ९८० निर्धोक भेटींपैकी ९८ भेटींनाही धोकादायक ठरवील. म्हणजे त्याने बोट दाखवलेल्या ११६ चालकांपैकी ९८ निर्दोष असतील. जागा शोधण्यासाठी एवढी अचूकता पुरेशी आहे, कारण चुकीचे इशारे साधारण सर्वत्र सारखे पसरलेले असले तर खरी धोक्याची जागा उठून दिसते. माणसावर परस्पर ई-चलन फाडण्यासाठी मात्र ती अजिबात पुरेशी नाही. दुर्मीळ दोष शोधणाऱ्या प्रत्येक यंत्राला हा हिशेब लागू आहे, आणि कॅमेरे खरेदी करणाऱ्या प्रत्येक महापालिकेने तो निविदेआधी करायला हवा.

वर्ग तसा उपाय

न पाहणाऱ्या चालकांच्या जागी उपाय अभियांत्रिकीचा असतो. कोपऱ्यापासून ठरावीक अंतरात वाहन उभे करायला बंदी, कोपऱ्याच्या वळणाची त्रिज्या कमी करून वळणाचा वेग घटवणे, फुटपाथाच्या पातळीवर उचललेली झेब्रा पट्टी आणि खांबांच्या ओळीत पादचाऱ्याला थांबण्याची सुरक्षित जागा, एवढ्यानेही बराच फरक पडतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांविषयीच्या मार्गदर्शिकेत नियंत्रित क्रॉसिंग कोठे द्यावे याचा साधा निकष आहे. गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणायचे. दुभाजक असलेल्या रस्त्यावर गुणाकार वीस कोटींवर गेला की तेथे सिग्नल किंवा तत्सम नियंत्रण हवे. तासाला हजार वाहने आणि दोनशे पादचारी असले तरी हा निकष पूर्ण होतो, आणि मीरा रोडच्या स्थानकाकडच्या नाक्यांवर संध्याकाळची गर्दी याहून कितीतरी मोठी असते.

दटावणाऱ्यांच्या जागी वेगावर लगाम हाच मूळ उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, आणि मोटारीच्या समोरच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० वरून ६५ किलोमीटरपर्यंत जाताना साडेचार पट होतो. एक सेकंदाचा प्रतिसादकाळ आणि कोरडा रस्ता धरला तर ताशी ३० किलोमीटरच्या गाडीला थांबायला साधारण १३-१४ मीटर लागतात, तर ५० च्या गाडीला सुमारे २८ मीटर. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी आणि वाहने जेथे वारंवार एकत्र येतात तेथे कमाल वेग ३० ठेवावा असे म्हटले आहे. भारतात मात्र २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने महापालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल ७० आणि दुचाकींसाठी ६० ही मर्यादा ठेवली. राज्यांना आणि स्थानिक यंत्रणांना ती कमी करता येते, आणि शाळा, स्थानक, बाजार यांच्या परिसरात ती कमी करणे हा कागदावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

वळसा घालणारे आणि साधा नियमभंग करणारे बहुसंख्य असतात, आणि त्यांच्यासाठी अंमलबजावणी दिसणारी असावी लागते. अमेरिकेतील फ्लोरिडाच्या गेन्सव्हिल शहरात रॉन व्हॅन हाउटन आणि सहकाऱ्यांनी वर्षभर केलेल्या प्रयोगात पोलीस साध्या वेशात पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत, वाट न देणाऱ्याला पुढे थांबवून आधी समज देत आणि नंतर दंड करत. आठवडाभरात किती टक्के चालकांनी वाट दिली याचा आकडा रस्त्याकडेच्या फलकावर लावला जाई. प्रयोगाच्या जागी वाट देणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशावरून साठ टक्क्यांच्या पुढे गेले. दंडाच्या रकमेपेक्षा पकडले जाण्याची खात्री आणि ‘बाकीचे थांबतात’ ही जाणीव परिणामकारक ठरली, आणि रीझन यांच्या गटाने नियमभंगाचे मूळ जेथे दाखवले होते नेमका तेथेच हा उपाय पोहोचतो. शेअर रिक्षाच्या बाबतीत तर आणखी एक बाब आहे. ज्याचे दिवसाचे उत्पन्न फेऱ्यांच्या संख्येवर ठरते त्याला थांबण्याचा उपदेश पुरत नाही, त्याच्या थांब्यांची जागा आणि फेऱ्यांची व्यवस्थाच बदलावी लागते.

कोणी काय करावे

या विषयाला आता घटनात्मक बळही मिळाले आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पादचाऱ्यांना वापरण्याजोगे फुटपाथ मिळणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या ७ ऑक्टोबरच्या आदेशात मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ (१ अ) खाली पादचाऱ्यांविषयीचे नियम सहा महिन्यांत करण्यास राज्यांना सांगितले. नियम मुंबईत तयार होतील; त्यांचा अर्थ मात्र सिल्व्हर पार्कच्या आणि गोल्डन नेस्टच्या नाक्यावर ठरेल.

मीरा-भाईंदरपुरते पाहिले तर महानगरपालिका, १ ऑक्टोबर २०२० रोजी स्थापन झालेले मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय आणि शहरातील महाविद्यालये या तिघांच्या आवाक्यातले हे काम आहे. शहरातल्या मोजक्या नाक्यांवर वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, ठरावीक तासांची चित्रफीत घ्यावी. चेहरे आणि वाहनक्रमांक पुसून तिच्यातील भेटी पाच वर्गांत मोजाव्यात. दीड सेकंदाच्या आतल्या भेटींची संख्या नाक्यागणिक जाहीर करावी. आणि पुढच्या अंदाजपत्रकातील रस्त्यांच्या तरतुदीशी तो आकडा जोडावा. पंचनाम्यातही ‘अतिवेग’ लिहून न थांबता चालकाने वेग कमी केला होता का, त्याला पादचारी दिसण्याजोगा होता का आणि पट्टी किती अंतरावर होती, हे तीन प्रश्न विचारले जावेत; राज्यात वापरात असलेल्या केंद्रीय अपघात-नोंदणी प्रणालीत अशा माहितीला जागा करणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

चालकांना दोष देणे सोपे आहे आणि पुष्कळदा ते रास्तही आहे. परंतु कोणत्या चालकाला, कोणत्या कोपऱ्यावर आणि कोणत्या प्रकारचा दोष, हे सांगता येत नसेल तर तो दोष कोणालाच लागत नाही आणि रस्ता जसाच्या तसा राहतो. मीरा रोडच्या नागरिकांनी महापालिकेकडे नवा पूल किंवा रुंद रस्ता मागताना त्याबरोबर हा आकडाही मागावा की गेल्या वर्षी आपल्या नाक्यावर शंभरांपैकी किती चालकांनी पादचाऱ्याला वाट दिली. तो आकडा मागणारे नागरिक आणि तो दरवर्षी देणारी महापालिका, एवढे झाले तरी वाट देणाऱ्यांची संख्या वाढायला सुरुवात होईल.